पॅनोरमा छायाचित्रणासाठी ट्रायपॉड हेड कसे जुळवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातील देवळे, तिसवाडीतील जुनी घरे आणि बार्देशचे किल्ले यांची रुंद छायाचित्रे, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेले पॅनोरमा, मी गेली बरीच वर्षे काढत आलो आहे. या काळात गोव्यातील हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांनी मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. फोटो एकमेकांना जोडण्याचे काम आता संगणक करतो, त्यामुळे ट्रायपॉडवर वेळ घालवण्याची गरज उरलेली नाही, असा समज बराच पसरला आहे. मोकळ्या मैदानात तो खपून जातो. खांब, कमानी आणि फरशी यांच्या मध्ये उभे राहून काम करताना मात्र तो खपत नाही, आणि गोव्यातील चित्र काढण्याजोग्या बहुतेक जागा याच प्रकारच्या आहेत.

साधे बॉल हेड (गोळ्यावर कॅमेरा हव्या त्या बाजूला झुकवणारे हेड) जवळ असताना वेगळे पॅनोरमा हेड कशासाठी घ्यावे?

हात लांब करून अंगठा समोर धरावा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटून पाहावे. अंगठा जागचा हलत नाही, तरी दूरच्या माडाच्या संदर्भात तो इकडून तिकडे उडी मारल्यासारखा दिसतो. पाहण्याची जागा बदलली की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परसंबंध बदलतात. यालाच पराशय किंवा पॅरलॅक्स म्हणतात. कॅमेरा ट्रायपॉडला जोडण्याचे भोक बॉडीच्या तळाशी असते, तर लेन्स ज्या बिंदूतून जग पाहते तो दृष्टिबिंदू बहुधा त्याच्या कित्येक सेंटिमीटर पुढे असतो. साध्या हेडवर कॅमेरा फिरवला की हा बिंदू एका लहान वर्तुळावर सरकत जातो, म्हणजे प्रत्येक फोटो थोड्या वेगळ्या जागेवरून घेतला जातो.

याचा परिणाम आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि २४ मिमीची लेन्स आहे, दृष्टिबिंदू फिरण्याच्या अक्षापासून ८० मिमी पुढे आहे आणि दोन फोटोंमध्ये आपण ३६ अंश फिरतो, असे धरू. दृष्टिबिंदू सुमारे ४९ मिमी सरकेल, आणि १ मीटरवरचा खांब मागच्या भिंतीच्या संदर्भात दोन फोटोंत जवळजवळ २०० पिक्सेलने वेगळ्या जागी दिसेल. इतकी तफावत कोणतेही सॉफ्टवेअर खरोखर मिटवू शकत नाही. ते ती लपवते, आणि लपवताना खांबाचा कोपरा तुटतो किंवा फरशीची रेघ वाकते. पॅनोरमा हेडचे मुख्य काम एकच आहे : कॅमेरा त्याच्या दृष्टिबिंदूभोवती फिरवणे.

या बिंदूला काही जण ‘नोडल पॉइंट’ म्हणतात. ते बरोबर आहे का?

बाजारात आणि बोलण्यात तेच नाव रूढ आहे आणि कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या पट्टीलाही ‘नोडल रेल’च म्हणतात, म्हणून विकत घेताना तो शब्द वापरावा. प्रकाशशास्त्रात नोडल पॉइंट वेगळे असतात. आपल्याला हवा असलेला बिंदू म्हणजे लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलचे केंद्र. लेन्समध्ये समोरून डोकावल्यावर ॲपर्चरचे छिद्र जितक्या खोलीवर असल्यासारखे दिसते, ती ही जागा होय. बऱ्याच वाइड लेन्समध्ये ती पुढच्या काचेच्या जवळ असते. छिद्र प्रत्यक्षात कोठे बसवले आहे याला येथे महत्त्व नाही, पुढच्या काचांतून ते कोठे दिसते याला आहे.

प्रत्येक पॅनोरमासाठी हे हेड लागतेच का?

नाही. रेइश मागूश किल्ल्याच्या तटावरून मांडवी आणि पलीकडची पणजी टिपायची असेल आणि चौकटीत जवळचे काहीच नसेल, तर साध्या हेडवर, किंबहुना हातातही काम होते. वर दिलेल्या उदाहरणातील २०० पिक्सेलची चूक १०० मीटरवर सुमारे २ पिक्सेलची होते आणि अर्ध्या किलोमीटरवर अर्ध्या पिक्सेलच्याही आत येते. त्याच तटाचा चिऱ्यांचा कठडा मात्र चौकटीच्या खालच्या भागात घेतला की परिस्थिती पालटते, कारण तो आपल्यापासून जेमतेम दोन हातांवर असतो. म्हणून मी प्रत्येक जागी आधी एवढेच पाहतो की चौकटीतील सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे. त्या उत्तरावरून हेड लावायचे की नाही, हे ठरते.

सामान काय काय लागते?

खालून वर सांगायचे तर ट्रायपॉडचे पाय, त्यावर समपातळी साधणारा लेव्हलिंग बेस, त्यावर अंशांच्या खुणा असलेला, कॅमेरा फिरवणारा रोटेटर, त्यावर पुढे-मागे सरकणारी नोडल रेल, आणि कॅमेरा उभा धरणारी एल-प्लेट. ज्यांना आकाशापासून जमिनीपर्यंत संपूर्ण गोल टिपायचा आहे, त्यांना याशिवाय वर-खाली झुकणारा उभा हात असलेले दोन अक्षांचे हेड लागते. ट्रायपॉडच्या माथ्यावर बहुधा ३/८ इंचाचा स्क्रू असतो आणि कॅमेऱ्याच्या तळाला १/४ इंचाचे आटे असतात, त्यामुळे मधल्या तुकड्यांसाठी एक-दोन बुशिंग (एका मापाच्या आट्यांत दुसऱ्या मापाचा स्क्रू बसवणारे तुकडे) बॅगेत ठेवावीत. रेल आणि क्लॅम्प वेगवेगळ्या कंपन्यांचे घेत असल्यास दोन्ही आर्का-स्विस पद्धतीच्या खाचेचे आहेत, याची दुकानातच प्रत्यक्ष जोडून खात्री करून घ्यावी, कारण नाव एकच असले तरी मापांत बारीक फरक आढळतात आणि सैल बसलेली पट्टी हा पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवणारा दोष आहे.

लेव्हलिंग बेस महाग वाटतो म्हणून तो वगळण्याकडे अनेकांचा कल असतो. माझे मत विचारल्यास काटकसर रोटेटरच्या सुबकपणात करावी, लेव्हलिंग बेसमध्ये करू नये.

लेव्हल नेमकी कोठे करायची? माझे क्षितिज नागमोडी येते.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे मूळ तुकड्यांच्या क्रमात आहे. सर्वसाधारण बॉल हेडचा फिरणारा भाग बॉलच्या खाली असतो. आपण बॉल सैल करून कॅमेरा पाणसळीत आणतो, बुडबुडा मध्यभागी दिसतो आणि आपले समाधान होते. तथापि खालचा फिरणारा भाग ट्रायपॉडबरोबर तिरकाच राहिलेला असतो. समोरच्या एका दिशेला कॅमेरा समपातळीत आहे. पाव वळसा घेतल्यावर तो एका अंगाला कलतो आणि अर्धा वळसा घेतल्यावर आकाशाकडे किंवा जमिनीकडे पाहू लागतो. जोडलेल्या चित्रात क्षितिजाची लाट उमटते ती यामुळे. वरच्या उदाहरणातील कॅमेऱ्यावर अक्ष २ अंशांनी कललेला असेल, तर समुद्राची रेघ एका बाजूला सुमारे १४० पिक्सेल वर आणि विरुद्ध बाजूला तितकीच खाली जाते. सॉफ्टवेअर ती सरळ करू शकते, पण त्यासाठी वरची आणि खालची पट्टी कापावी लागते आणि देवळाचा कळस नेमका त्या पट्टीत असतो.

म्हणून जे फिरते त्याच्या खाली समपातळी साधली पाहिजे. प्रथम पायांची लांबी कमी-जास्त करून माथा ढोबळमानाने सपाट करावा, नंतर लेव्हलिंग बेसने रोटेटरवरचा बुडबुडा मध्यात आणावा, आणि रोटेटर पूर्ण फिरवत ९०, १८० आणि २७० अंशांवर तो पुन्हा पाहावा. बुडबुडा रोटेटरबरोबर वर्तुळात फिरत राहिला, तर लेव्हलचीच काच वाकडी बसली आहे असे समजावे. त्या वेळी बुडबुडा मध्यभागी आणण्याच्या मागे न लागता तो सर्व दिशांना काचेच्या एकाच जागी राहील असे करावे. अक्ष तेव्हाच उभा असतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची इलेक्ट्रॉनिक लेव्हल शेवटी पाहावी, आधी नाही.

लेव्हलिंग बेस नसेल तर बॉल हेडच वापरता येते, पण रोटेटर बॉलच्या वर बसवावा. वरच्या क्लॅम्पलाच फिरण्याची सोय असलेली बॉल हेड मिळतात, तीही चालतात.

कॅमेरा उभा का लावायचा? चित्र तर आडवे हवे आहे.

उंचीसाठी. २४ मिमी लेन्स फुल-फ्रेमवर आडवी धरली, तर वर-खाली ५३ अंश मिळतात आणि उभी धरली तर सुमारे ७४. मंगेशीच्या देवळाचा सात मजली दीपस्तंभ समोरच्या प्रांगणातून घेताना हे २१ अंश निर्णायक ठरतात. फोटोंची संख्या थोडी वाढते, एवढाच तोटा.

लेन्स डावी-उजवीकडे मध्यावर आहे, हे कसे ओळखायचे?

दोन अक्षांचे हेड असल्यास कॅमेरा थेट खाली रोटेटरकडे वळवावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये जाळीच्या रेषा दाखवाव्यात आणि रोटेटरच्या मधला स्क्रू जाळीच्या मध्यबिंदूवर येईपर्यंत खालची पट्टी सरकवावी. नंतर हेड फिरवावे. स्क्रू मध्यावरून ढळला नाही तर काम झाले. एकाच अक्षाचे हेड असल्यास समोर दोन मीटरवर उभे राहून एक डोळा मिटून ओळंबा धरावा. त्याची दोरी लेन्सच्या मध्यातून आणि रोटेटरच्या मध्यातून एकाच वेळी गेली पाहिजे. जाड एल-प्लेटमुळे किंवा बॅटरी ग्रिपमुळे येथे काही मिलिमीटरांचा फरक हमखास पडतो, आणि पुष्कळ जण फक्त पुढची-मागची जुळणी करून ही पायरी विसरतात.

पुढे-मागे जुळणी कशी करावी? कृपया सविस्तर सांगावे.

हे काम घरी, उजेडात आणि घाई नसताना करावे. माझ्या घराच्या बाल्कांवच्या छताला मी ओळंबा टांगतो. गवंडीकाम करणाऱ्याकडून घेतलेला तो साधा पितळी ओळंबा आहे आणि वाऱ्याने हलू नये म्हणून त्याचे वजन पाण्याने भरलेल्या बादलीत बुडते ठेवतो. पाण्यात दोरी काही क्षणांत स्थिर होते. दोरी लेन्सपासून साधारण ६० सेंटिमीटरवर येईल असा ट्रायपॉड उभा करतो. दूरची खूण म्हणून शेतापलीकडचा विजेचा खांब घेतो. आरंभी मी माड घेत असे, पण माड वाऱ्याने डोलतो आणि सरळही नसतो, त्यामुळे मोजणी दर वेळी वेगळी येई. दूरची वस्तू ५० मीटरांपलीकडची आणि उभी सरळ कड असलेली असावी.

ॲपर्चर एफ/१६ करावे, म्हणजे दोरी आणि खांब दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतील. फोकस हाताने ठरवून तेथेच ठेवावा. आता हेड फिरवून दोरी चौकटीच्या एका कडेजवळ आणावी, लाइव्ह व्ह्यू मोठा करावा आणि दोरी व खांब यांच्यामध्ये किती फट दिसते ते पाहावे. अगदी एकमेकांवर चढलेल्या रेषांपेक्षा बारीक फट ठेवलेली बरी, कारण फटीतला बदल डोळ्यांना लगेच कळतो. मग हेड फिरवून तीच दोरी दुसऱ्या कडेजवळ न्यावी आणि फट पुन्हा पाहावी. दोन्ही वेळी फट सारखी असेल तर कॅमेरा योग्य जागी आहे.

फट बदलली तर कोणत्या बाजूला सरकवायचे, याचा नियम असा आहे. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर चौकटीतील सर्व वस्तू डावीकडे सरकतात. त्या वेळी जवळची दोरी खांबाच्या तुलनेत आणखी डावीकडे गेली, तर दृष्टिबिंदू अक्षाच्या पुढे आहे आणि कॅमेरा मागे घ्यायला हवा. दोरी उलट उजवीकडे गेली, तर कॅमेरा फार मागे गेला आहे आणि तो पुढे आणावा. आरंभी १० मिमीच्या टप्प्यांनी सरकवावे. दोरीने बाजू बदलली की शेवटच्या दोन खुणांच्या मध्ये २ मिमीने आणि मग १ मिमीने शोध घ्यावा. पाच-सहा फेऱ्यांत जागा सापडते.

किती अचूक असावे, हाही प्रश्न असतो. वरच्याच उदाहरणात २ मिमीची चूक राहिली, तर १ मीटरवरच्या वस्तूत सुमारे ५ पिक्सेलचा आणि ५ मीटरवरच्या वस्तूत १ पिक्सेलचा फरक पडतो. देवळाच्या सभामंडपासाठी मी १ मिमीपर्यंत जातो. किल्ल्याच्या आवारासाठी २ मिमी पुरे आहेत.

झूम लेन्सवर ही जागा बदलते का?

बदलते, आणि ती सरळ प्रमाणात बदलत नाही, म्हणून २४ आणि ७० मिमीची मापे घेऊन मधले अंदाजाने काढू नये. झूमवर दोन किंवा तीन ठरावीक लांबीच वापरण्याचे ठरवावे आणि तेवढ्यांची मापे घ्यावीत. फोकस जवळ आणल्यानेही जागा थोडी सरकते. यासाठी ज्या अंतरावर काम करणार त्याच्या आसपास फोकस ठेवून मोजावे. फिशआय म्हणजे अतिशय रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समध्ये हा बिंदू किरण कोणत्या कोनातून येतो त्यानुसार बदलतो, त्यामुळे तिची मापे दोन शेजारी फोटो जेथे जोडले जाणार त्या कोनावर घ्यावीत.

मापे लिहून ठेवणे हे मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे. कॅमेरा, लेन्स, झूमची लांबी आणि रेलवरचा आकडा एवढे चार रकाने पुरतात. माझी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात हेडच्या पिशवीतच असते, कारण पावसाळ्यात उघडा कागद टिकत नाही. दुसऱ्याचे आकडे मात्र उसने घेऊ नयेत. एल-प्लेट बदलली तरी ते लागू पडत नाहीत.

किती फोटो आणि किती अंशांवर घ्यावेत?

शेजारच्या दोन फोटोंत किमान ३० टक्के भाग सामाईक असावा. फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरल्यास २४ मिमी लेन्सची रुंदी ५३ अंश आहे, म्हणून ३६ अंशांच्या टप्प्याने पूर्ण वळशाला १० फोटो लागतात. ३५ मिमीची रुंदी सुमारे ३८ अंश आहे, तिच्यासाठी २४ अंश आणि १५ फोटो. ५० मिमीची रुंदी २७ अंश आहे, तिच्यासाठी १८ अंश आणि २० फोटो. रोटेटरला खटका असेल तर तो या टप्प्यावर लावून द्यावा, म्हणजे अंधारातही अंश वाचावे लागत नाहीत.

पांढऱ्या चुन्याच्या सपाट भिंती, निरभ्र आकाश आणि समुद्र यांत सॉफ्टवेअरला पकडण्याजोगे काही सापडत नाही. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या जागेसारख्या ठिकाणी, जेथे एका बाजूला पांढरी भिंत आणि दुसऱ्या बाजूला गवत व आकाश आहे, तेथे मी टप्पा ३० अंशांवर आणून १२ फोटो घेतो. दोन फोटो जास्त झाले तर काही बिघडत नाही.

कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवावीत?

सर्व काही हाताने ठरवावे आणि संपूर्ण फेरीत बदलू नये : एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस. फाइल रॉ घ्यावी. २४ मिमी लेन्स एफ/८ वर सुमारे २.४ मीटरवर फोकस केली, तर फुल-फ्रेमवर १.२ मीटरपासून दूरपर्यंत सर्व पुरेसे स्पष्ट येते. इमेज स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे. पोलरायझर काढून ठेवावा. आकाशातील प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक ध्रुवित असतो, त्यामुळे रुंद चित्रात आकाशाच्या मधोमध गडद पट्टा उमटतो. शटर दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने सोडावा.

सभामंडपातून बाहेरचे ऊन आणि आतला अंधार एकाच चित्रात घ्यायचा असल्यास प्रत्येक टप्प्यावर तीन किंवा पाच एक्स्पोजर घ्यावीत. सूर्यास्तानंतर मात्र वेळ फार थोडा असतो. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे आणि येथे संधिप्रकाश लवकर ओसरतो, म्हणून सगळी जुळणी ऊन असतानाच उरकून घ्यावी आणि एक फेरी मिनिटभरात पूर्ण होईल अशी तयारी ठेवावी. फेरी लांबली तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोतील आकाश जुळत नाही.

छत आणि जमीन दोन्ही हवी असतील तर?

२४ मिमीवर मधली एक ओळ, ४५ अंश वर एक, ४५ अंश खाली एक, एक फोटो थेट वर आणि एक थेट खाली, असा क्रम पुरतो. १५ मिमीच्या डायगोनल फिशआयवर सभोवार ६, वर १ आणि खाली १ एवढ्यात काम भागते. गर्दीच्या देवळात फिशआयच सोयीची, तपशील हवा असेल तेथे पहिली पद्धत. तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिराच्या लहानशा मंडपात कोरीव खांब अगदी हाताच्या अंतरावर आहेत आणि छतावर दगडात कमळ कोरलेले आहे. तेथे उभे राहून चारी बाजू आणि ते कमळ एका चित्रात घेणे हीच या हेडची खरी परीक्षा होय.

थेट खालच्या फोटोत ट्रायपॉडचे पाय येतात. ट्रायपॉड उचलून त्याच जागेवरून हाताने आणखी एक फोटो घ्यावा. फरशी सपाट असेल तर हगिन आणि पीटीगुई प्रो या फोटो जोडणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये दृष्टिबिंदूचा फरक दुरुस्त करून तो तुकडा बसवता येतो. पायऱ्या किंवा खडबडीत चिरे असतील तर ही दुरुस्ती जमत नाही. तेथे ट्रायपॉडचे पाय जवळ घेऊन त्यांची जागा लहान ठेवणे एवढेच हाती असते.

फेरीबोट, लाटा, माडाच्या झावळ्या हलतात. त्यांचे काय करावे?

हलणारी वस्तू पूर्णपणे एकाच फोटोत येईल असे पाहावे. दिवाडीची फेरीबोट चौकटीत येत असेल तर ती जोडाच्या पट्ट्यातून बाहेर पडून फोटोच्या मध्यभागी येईपर्यंत थांबावे, फोटो घ्यावा, आणि सॉफ्टवेअरमध्ये शेजारच्या फोटोतील तिचा भाग मास्कने झाकावा. बोट जिकडे चालली असेल तिकडेच आपणही फिरत गेलो, तर तीच बोट तीनदा येते. झावळ्यांसाठी वारा पडण्याची वाट पाहणे हा एकच चांगला उपाय आहे; पहाटे तो मिळतो.

समुद्रकिनाऱ्यावर लेव्हल टिकत नाही.

ओल्या वाळूत पाय खचतात, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. प्रत्येक पाय दाबून, हाताने वजन देऊन बसवावा आणि मगच लेव्हल करावी. शक्य असेल तेथे जांभ्या खडकावर उभे राहावे. फेरी संपल्यावर बुडबुडा पुन्हा पाहावा. तो ढळला असेल तर फेरी परत घ्यावी. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवावेत. रोटेटरवर मात्र पाणी ओतू नये, तो ओलसर फडक्याने पुसावा. जून ते सप्टेंबर या काळात हेड कापडी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवल्यास स्क्रू गंजतात आणि रेलवरचे ग्रीस चिकट होते, म्हणून ते लेन्सबरोबरच कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे.

देवळात आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये ट्रायपॉड लावता येतो का?

आधी परवानगी घ्यावी. बॉम जेझस बॅसिलिका, से कॅथेड्रल आणि तांबडी सुर्लचे मंदिर या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील वास्तू आहेत आणि तेथे ट्रायपॉड परवानगीशिवाय उभा करू नये. देवळांत देवस्थान समितीशी बोलावे, गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याबाबत तेथला नियम विचारावा आणि आरतीच्या वेळा टाळाव्यात. पायांना रबरी टोपणे लावावीत. घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या फरशीवर धातूचे टोक उमटले, तर ती खूण आपल्यानंतरही राहते.

सर्व काळजी घेऊनही जोड चुकतो. दोष कोठे आहे, हे कसे शोधावे?

चूक कशात दिसते यावरून तिचे कारण सांगता येते. दूरचे जुळते आणि फक्त जवळचे तुटते, तर रेलचे माप चुकले आहे. जवळचे आणि दूरचे दोन्ही सारखेच तुटते, तर फेरीच्या मध्येच ट्रायपॉड हलला आहे किंवा झूमची रिंग सरकली आहे. झूम खाली झुकवल्यावर काही लेन्स स्वतःच्या वजनाने पुढे येतात, त्यांच्या रिंगवर चिकटपट्टी लावावी. जोड बरोबर आहेत पण क्षितिज लाटेसारखे आहे, तर अक्ष कललेला आहे. भिंतीवर उभे फिकट-गडद पट्टे आहेत, तर एक्स्पोजर ऑटोवर राहिले आहे.

एका देवळाच्या सभामंडपात मी घेतलेल्या फेरीत काळ्या-पांढऱ्या फरशीच्या रेघा पहिल्या सहा जोडांत केसभरही ढळल्या नव्हत्या आणि सातव्यापासून पुढे प्रत्येक जोडात पायरीसारख्या तुटल्या होत्या. चिठ्ठीवरचा आकडा बरोबर होता. रेलच्या क्लॅम्पचा स्क्रू मी पुरता आवळलेला नव्हता आणि सातव्या फोटोनंतर कॅमेरा पट्टीवर ४ मिमी मागे घसरला होता. तेव्हापासून मी फेरीच्या आधी आणि नंतर रेलवरच्या आकड्याचा मोबाइलने फोटो घेतो. दोन्ही आकडे सारखे दिसल्याशिवाय ट्रायपॉड जागेवरून उचलत नाही.